उतारावर उभा ट्रॅक्टर आणि एक छोटासा खटका

हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जी वाक्यं वाकडीतिकडी झाली होती ती इथे थोडी सरळ केली आहेत, बाकी गप्पा त्याच आहेत. कानात इअरफोन घालून ट्रॅक्टर चालवत ऐकत असाल, तर कृपा करून आधी ट्रॅक्टर थांबवा. आणि थांबवल्यावर तो खरंच थांबलाय का ते बघा. आजचा विषयच तो आहे.

एक प्रश्न विचारतो. कारमध्ये ब्रेकचं पेडल एक असतं आणि दोन सीटांच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा असतो. ट्रॅक्टरवर मात्र उजव्या पायाशी ब्रेकची दोन पेडलं असतात. आणि पार्किंग ब्रेक? कितीतरी ट्रॅक्टरांवर तो म्हणजे पेडलांच्या बाजूला असलेली एक दातेरी पट्टी आणि एक खटका. दोन्ही पेडलं दाबायची, खटका अडकवायचा, झालं. काही मॉडेलना हाताने ओढायचा दांडा असतो, पण तोही बहुतेक वेळा आत जाऊन त्याच ब्रेकांना ओढतो.

दोन टनांचं धूड धरून ठेवायला एवढीशी वस्तू का दिली? आणि ती बिघडली की लोक दुरुस्त करायच्या ऐवजी चाकाखाली दगड का ठेवतात? दोन्हीचं उत्तर इतिहासात आहे. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी आधी ओढण्याचा विचार केला, मग वळण्याचा, मग रस्त्यावर थांबण्याचा. उभं राहण्याचा विचार सगळ्यात शेवटी आला. हा क्रम कळला की बिघाड कुठे शोधायचा तेही कळतं.

बैल हाच ब्रेक

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीला ब्रेक कशाला? सपाटीवर गाडी थांबवायची तर बैल थांबवायचे. उतारावर बैल मागे रेटा देत, जू मानेवर घेऊन, पाय रोवत गाडी आवरून धरायचे. गाडी सोडली की बैल मोकळे आणि गाडीही मोकळी! म्हणून चाकाला उटी लावायची. उटी म्हणजे चाकाखाली सरकवलेला दगड किंवा लाकडाचा ठोकळा. आजही एसटी किंवा ट्रक उतारावर बंद पडला की कुणीतरी ओरडतं, "अरे, उटी लाव!" शब्द बैलगाडीच्या काळातला, काम तेच.

उटीचा गुण असा की तिला कळ नाही, दोरी नाही, स्प्रिंग नाही. चाक जितकं रेटेल तितका दगड जमिनीत रुतत जातो. दोष असा की ती लावायला कुणाला तरी खाली उतरून चाकाजवळ जावं लागतं. म्हणजे जी गाडी घसरण्याची भीती आहे, तिच्याच चाकाशी हात न्यायचा. हा दोष लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विहिरीवरचा 'कुत्ता'

आता खटक्याकडे. दातेरी चाक आणि त्यात अडकणारी जीभ ही जोडी ट्रॅक्टरपेक्षा फार जुनी आहे. पंजाबातल्या विहिरींवर बैलांनी फिरवायचे रहाट असत. पाण्याने भरलेली गाडगी वर येताना बैल मध्येच थांबला तर काय होईल? भरलेल्या गाडग्यांच्या वजनाने अख्खा रहाट उलटा फिरेल आणि मागचा दांडा बैलाला किंवा हाकणाऱ्याला फटका देईल. ते होऊ नये म्हणून दातांवर एक लाकडी जीभ टेकवलेली असे. रहाट पुढे फिरताना ती टक-टक वाजत दातांवरून घसरायची, आणि उलटा फिरू लागला की दातात रुतून बसायची. तिला तिकडे 'कुत्ता' म्हणत. राखण करतो आणि चुकीच्या दिशेने कुणी आलं तर धरतो, म्हणून नाव अगदी शोभून दिसतं.

याच कल्पनेने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात लोकांना थक्क केलं. एलिशा ओटिस नावाचा कारागीर उचलत्या फळीवर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापायला लावला. फळी पडली नाही. दोराचा ताण गेला की एक स्प्रिंग उघडायची आणि दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांमध्ये अडकायची. आजच्या लिफ्टवर लोकांनी विश्वास ठेवला त्याची सुरुवात या दातांपासून झाली.

ओटिसच्या योजनेतली एक गोष्ट बघून ठेवा. काही तुटलं तर त्याचा खटका आपोआप लागतो. ट्रॅक्टरवरचा आपला खटका उलट आहे: तो माणसाने लावला तरच लागतो, आणि दात झिजले किंवा स्प्रिंग सैल झाली की गुपचूप सुटतो.

ब्रेक नसलेले ट्रॅक्टर

१८९२ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जॉन फ्रोलिक याने पेट्रोल इंजिनवर चालणारं, पुढेही आणि मागेही जाऊ शकणारं शेतीचं यंत्र बनवलं. त्याआधी शेतात वाफेची अवजड इंजिनं होती. मग १९१७ मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन आला. स्वस्त, आटोपशीर, आणि कारसारखा कारखान्यात रांगेने बनणारा. १९२८ पर्यंत एकट्या अमेरिकेत सात लाखांहून जास्त फोर्डसन तयार झाले.

आणि सुरुवातीच्या फोर्डसनला ब्रेकचं वेगळं पेडलच नव्हतं!

ऐकायला वेडेपणा वाटतो, पण तेव्हाचं चाक डोळ्यांसमोर आणा. ते रबराचं नव्हतं, लोखंडाचं होतं, आणि त्याला जमिनीत रुतणारे लोखंडी खिळे होते. वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका. मागे जमिनीत गेलेला नांगर. क्लच दाबला की जमीनच ट्रॅक्टर थांबवायची. उभा राहिलेला ट्रॅक्टर मऊ मातीत स्वतःच्या खिळ्यांवर बसायचा. त्या वेळच्या शेतकऱ्याला भीती होती ती ट्रॅक्टर मागच्या मागे उलटण्याची. नांगर दगडाला अडला की फोर्डसनचं तोंड वर उठायचं, आणि त्यात अनेक चालक दगावले. अवजार ट्रॅक्टरच्या मागे ओढत नेण्यापेक्षा त्याच्याशी तीन ठिकाणी जोडून टाकावं, ही हॅरी फर्ग्युसनची पद्धत याच धोक्यावरही उत्तर होती. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे दिसणारी तीन बिंदूंची जोडणी ती हीच.

ब्रेक आला तो वळण्यासाठी

मग ब्रेक कधी आला? आणि दोन पेडलं का?

१९२४ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने फार्मऑल ट्रॅक्टर बाजारात आणला. मका, कापूस अशा ओळीतल्या पिकांत आंतरमशागत करता यावी, हा त्याचा उद्देश. ओळीच्या टोकाला गेल्यावर अगदी थोड्या जागेत वळून शेजारच्या ओळीत शिरायचं होतं. त्यासाठी युक्ती केली: स्टेअरिंग पूर्ण वळवलं की तारेने वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकाचा ब्रेक आपोआप लागायचा. ते चाक थांबलं की ट्रॅक्टर त्याच्याभोवती गिरकी घ्यायचा.

म्हणजे शेतातल्या ट्रॅक्टरवर ब्रेकला मोलाचं काम मिळालं ते वळण्याचं. पुढे तारा गेल्या आणि पायाशी दोन पेडलं आली, डाव्या चाकाला एक आणि उजव्याला एक. तुम्ही बांधाशी वळताना एकच पेडल दाबता ना? तुमच्या पायाखाली १९२४ सालची कल्पना असते.

१९३२ मध्ये अॅलिस-चाल्मर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर दिले. लोक हसले, रबर शेतात टिकेल का म्हणून. कंपनीने रेसिंग ड्रायव्हर बार्नी ओल्डफिल्डला ट्रॅक्टरवर बसवलं आणि १९३३ मध्ये त्याने खास गिअर टाकलेला ट्रॅक्टर ताशी १०० किलोमीटरच्या वर पळवून दाखवला. जाहिरात गाजली. काही वर्षांत लोखंडी चाकं मागे पडली.

इथे सगळं बदललं. रबरी चाक मातीत रुतत नाही, ते गडगडतं. ट्रॅक्टर आता रस्त्यावर येऊ शकत होता, बाजाराला जाऊ शकत होता, मागे भरलेली ट्रॉली ओढू शकत होता. थांबायला खरा ब्रेक हवा झाला. म्हणून दोन पेडलांना जोडणारी आडवी पट्टी आली: शेतात वेगळी, रस्त्यावर एकत्र. आणि उभं राहण्यासाठी? तेच पेडल दाबलेल्या जागी अडकवून ठेवणारे दात. नवा ब्रेक काही बनवला नाही. जुन्याच ब्रेकवर 'कुत्ता' आणून बसवला.

किती धरायला हवं?

ट्रॅक्टर सुरक्षेचे नियमही असेच उशिरा आले. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली. ब्रेकबद्दल युरोपीय देशांनी १९७६ मध्ये समान नियम केला. त्यात पार्किंग ब्रेकसाठी तीन गोष्टी मोलाच्या आहेत.

एक, ट्रॅक्टर १८ टक्के चढावर किंवा उतारावर जागचा हलता कामा नये. दोन, मागे ट्रॉली जोडलेली असेल तर १२ टक्क्यांवर. आणि तीन, ब्रेक लागलेला राहिला पाहिजे तो निव्वळ यांत्रिक पकडीने. तेलाचा दाब चालणार नाही, कारण तेल सीलमधून हळूहळू झिरपतं. दात झिरपत नाहीत. त्यासाठी लागणारं बळही ठरवलं: पायाने ६०० न्यूटन, म्हणजे साधारण ६० किलो, आणि हाताने ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलोच्या आसपास. यापेक्षा जास्त जोर लावावा लागला तर ब्रेक नापास.

१८ टक्के म्हणजे किती? १०० मीटर पुढे गेल्यावर १८ मीटर चढ. बोरघाटातल्या रेल्वेचा सगळ्यात अवघड चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. १८ टक्के त्याच्या सहापटीहून जास्त. दोन टनांचा ट्रॅक्टर तिथे उभा केला तर खाली ओढणारं बळ सुमारे साडेतीनशे किलोचं होतं.

आता दुसरं गणित करू. ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून सात टन. रस्ता फक्त पाच टक्के उताराचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ सपाट वाटणारा. ओढ तीच: साडेतीनशे किलो. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे 'इथे कुठे उतार आहे' असं वाटणाऱ्या जागी तो छोटा खटका डोंगरावरच्याइतकाच ताण सोसत असतो. उसाच्या हंगामात कारखान्याबाहेर रांगेत उभे ट्रॅक्टर बघा, मागे दोन-दोन ट्रॉल्या. गणित तुम्हीच करा.

भारतात ट्रॅक्टर ट्रक झाला

स्वातंत्र्यानंतर भारताला मिळालेल्या जागतिक बँकेच्या पहिल्या कर्जांपैकी एक, १९४९ सालचं एक कोटी डॉलरचं, शेतीच्या यंत्रांसाठी होतं. काँस गवताने व्यापलेल्या जमिनी नांगरून काढायला मोठे ट्रॅक्टर हवे होते. १९५५ मध्ये मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनीला ट्रॅक्टरचं सरकारी प्रशिक्षण केंद्र निघालं, आणि पुढे तिथेच ट्रॅक्टरांची चाचणी सुरू झाली. आजही बुधनीच्या अहवालात पार्किंग ब्रेकचा रकाना असतो, आणि त्यात तेच ६०० आणि ४०० न्यूटन असतात.

१९५९ मध्ये आयशरने फरिदाबादला देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये टॅफेने मॅसी फर्ग्युसन आणला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. गंमत बघा: वळण्यासाठी ब्रेक लावणारा फार्मऑल ज्या कंपनीचा, तीच कंपनी कांदिवलीत आली, आणि तीन बिंदूंवाल्या फर्ग्युसनचा वारसा मद्रासला. जगातली ती दोन्ही घराणी आपल्या शेतात उतरली.

पण इथे ट्रॅक्टरचं आयुष्य वेगळं झालं. नांगरणी, पेरणी, चिखलणी, आणि मग वर्षभर ट्रॉली. ऊस, विटा, वाळू, लग्नाचं वऱ्हाड, गणपतीची मिरवणूक. शेतासाठी बनलेलं यंत्र गावाचा ट्रक झालं. दिवसातून वीस वेळा थांबायचं, चढउतार करायची, ट्रॉली जोडायची, सोडायची. आणि प्रत्येक वेळी भरवसा त्या खटक्यावर.

सगळ्यात धोक्याची जागा कुठली? ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधली. पिन घालायला जो माणूस तिथे वाकलेला असतो, तो बहुतेक घरातला तरुण पोरगा असतो. ट्रॅक्टर वीतभर मागे सरकला तरी पुरे. त्याला बाजूला व्हायला जागाच नसते. म्हणून पार्किंग ब्रेक 'थोडा सैल आहे, चालतंय' असं म्हणणं म्हणजे त्या वीतभर जागेवर माणूस उभा करणं.

आता दुरुस्ती, इतिहासाच्या क्रमाने

बिघाडाची तक्रार साधारण एकच असते: खटका लावला तरी ट्रॅक्टर सरकतो. यात तीन वेगळे आजार असू शकतात: जोडणीचा, ब्रेकचा आणि खटक्याचा. त्याच क्रमाने बघायचं. खटका शेवटी येतो, पण लोक हात सगळ्यात आधी त्यालाच घालतात.

हात लावण्याआधी: सपाट, कठीण जमीन. अवजार खाली टेकवलेलं. इंजिन बंद, किल्ली खिशात. पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. ट्रॅक्टर उचलायचा तर जॅकच्या जोडीला स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर टांगलेल्या ट्रॅक्टरखाली कुणी जायचं नाही.

पहिला आजार जोडणीचा. दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी नीट बसली आहे का? ती सुटी राहिली आणि खटक्याने एकच पेडल धरलं, तर एकच चाक थांबतं. गिअर न्यूट्रलमध्ये असेल तर दुसरं चाक मोकळं फिरतं, आणि ट्रॅक्टर थांबलेल्या चाकाभोवती वळत वळत खाली जातो. ओळीच्या टोकाला जी गिरकी हवी होती, तीच उतारावर नको तेव्हा मिळते. पट्टीचं भोक मोठं झालंय का, पिन वाकलीय का, तेही बघा.

दुसरा आजार ब्रेकचा, आणि बहुतेक दुखणं इथेच असतं. दोन्ही पेडलं वेगवेगळी हाताने दाबून बघा. ब्रेक पकडायला लागेपर्यंत पेडल किती रिकामं खाली जातं, ते पट्टीने मोजा. किती असावं ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. शेजारच्याच्या ट्रॅक्टरचा आकडा घेऊ नका. डावं आणि उजवं सारखं हवं. हा रिकामा प्रवास वाढला असेल तर खटका दात सोडत नाही, पण दात धरूनही ब्रेक अर्धाच लागतो. म्हणजे खटका निर्दोष आणि शिक्षा त्यालाच.

रॉडवरचा लॉकनट सैल करून प्रवास कमी करा, दोन्ही बाजूंचा सारखा करा, नट परत आवळा. मग मागची चाकं स्टँडवर असताना एकेक हाताने फिरवा. पेडल सोडलेलं असताना चाक घासत असेल तर जास्त आवळलं गेलंय. ते तापेल आणि लायनर जळेल. आवळायला जागाच उरली नसेल तर लायनर संपलेत. आणि लायनर जाड असूनही पकडत नसतील तर ब्रेकच्या घरात डोकवावं लागेल. ॲक्सलच्या सीलमधून तेल गळून लायनर भिजलेत का? आधी सील बदला, मग लायनर. उलटं केलंत तर नवे लायनर आठवड्यात तेलकट होतील. भातशेतीत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरात पाणी आणि गाळ आत शिरतो, तोही बघा.

इथे एक गोष्ट जीव लावून ऐका. ब्रेकमधली काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नका, फुंकर मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

नव्या ट्रॅक्टरांत ब्रेकच्या चकत्या तेलातच बुडवलेल्या असतात. त्यांना गाळ-पाण्याचा त्रास कमी, आयुष्य जास्त. पण त्या उघडणं हे घरचं काम नव्हे. तिथे बाहेरचा प्रवास जुळवून फरक पडला नाही तर जाणत्या मेकॅनिककडेच न्या, आणि तेल पुस्तिकेत सांगितलेलंच घाला.

तिसरा आजार, आपला 'कुत्ता'. आधी सगळं धुऊन घ्या. मातीच्या थराखाली दात दिसतच नाहीत. दाताचं टोक धारदार आहे की गोल झालंय? जिभेचं टोक? स्प्रिंग ओढून सोडली की चटकन परत येते का? जिभेची पिन बुशमध्ये डुगडुगते का? पिनमधली दुहेरी खिळी जागेवर आहे की तिथे तार गुंडाळलीय? तार दिसली तर समजा, आधी कुणीतरी 'जुगाड' करून गेलंय.

झिजलेले दात वेल्डिंगने भरून कानशीने घासून देणारे कारागीर आहेत, आणि त्यांचा हात चांगलाही असतो. पण दात टिकतात ते पोलादाला दिलेल्या कडकपणामुळे. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा बिघडतो. दिसायला नवा दात, आतून मऊ. दातेरी पट्टी, जीभ आणि स्प्रिंग तिन्ही एकत्र बदला. नवी जीभ जुन्या दातांवर पूर्ण टेकत नाही आणि दोन्ही लवकर झिजतात. फिरत्या पिनेला थोडं ग्रीस द्या. दातांवर ग्रीस थापू नका, त्याला माती चिकटते आणि जीभ तळापर्यंत जात नाही. ब्रेकच्या आत तर ग्रीस जाताच कामा नये.

परीक्षा

काम झालं की आधी सपाट जागेवर हळू चालवून दोन्ही पेडलं जोडलेली असताना ब्रेक मारा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो का? ओढत असेल तर डावं-उजवं जुळलेलं नाही.

मग सौम्य उतार. वर आणि खाली कुणी नाही, पोरंटोरं नाहीत, कुत्रीसुद्धा नाहीत, खरी कुत्री म्हणतोय. चाकापासून हातभर अंतरावर ठोकळा आधीच ठेवलेला. खटका लावा, ब्रेकवरचा पाय हळूहळू काढा. टायरवर आणि जमिनीवर समोरासमोर खडूची रेघ मारा. पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या. रेघा समोरासमोर राहिल्या तर पास.

परीक्षा दोन वेळा घ्या, एकदा तोंड चढाकडे आणि एकदा उताराकडे. कारण सोपं आहे: बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना. तोंड उताराकडे असलं की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक लागलेला असूनही टायर घसरू शकतो. तिथे दुरुस्तीचा काही दोष नसतो. ती जागाच ट्रॅक्टर उभा करायची नसते.

अजून एक. लांबून भरलेली खेप घेऊन आलात, ब्रेक तापलेत आणि चकत्यांचे ब्रेक असतील, तर थंड होताना त्या आकसतात आणि पकड थोडी सैल होते. दहा मिनिटांनी पेडल पुन्हा दाबून बघा, खटका एक दात पुढे जातो का.

मग दगडाचं काय?

'गिअरमध्ये टाकून ठेवतो, पुरतं' असं बरेच जण म्हणतात. गिअर मदत करतो, खरं आहे. पण तिथे ट्रॅक्टर धरून ठेवतो तो इंजिनातल्या हवेचा दाब, आणि तो रिंगांमधून हळूहळू निसटतो. शिवाय कुणी लहान मूल चढून गिअरशी खेळलं तर? १९६० च्या दशकात अमेरिकेत जॉन डिअरच्या काही मॉडेलना गिअरच्या दांड्यातच 'पार्क' ही जागा आली, जिथे आतले दात खरोखर अडकतात. तुमच्या ट्रॅक्टरला ती नसेल तर नुसत्या गिअरला पार्क समजू नका.

ब्रिटनमध्ये शेतकऱ्यांना चार गोष्टींची सवय लावतात, तिला 'सेफ स्टॉप' म्हणतात: हँडब्रेक पूर्ण लावा, अवजार आणि दांडे सुरक्षित स्थितीत आणा, इंजिन बंद करा, किल्ली काढा. आणि हे सीटवरून उतरायच्या आधी. आपण यात पाचवी आपली घालू: उतार असेल किंवा ट्रॉली असेल तर उटी.

कारण दगड वाईट नाहीच. तो हजारो वर्षं काम करतोय आणि त्याची स्प्रिंग तुटत नाही. फक्त त्याची पाळी दुसरी आहे. ब्रेक लागलेला असताना, चाक स्थिर असताना लावलेली उटी ही राखण आहे. ब्रेक लागत नाही म्हणून, हलू बघणाऱ्या चाकाखाली हात घालून सरकवलेली उटी हा जुगार आहे, आणि पणाला बोटं लागलेली असतात.

त्या खटक्याची किंमत ट्रॅक्टरच्या हप्त्यापुढे काहीच नाही. दात, जीभ, स्प्रिंग आणि अर्ध्या दिवसाचं काम. तर या आठवड्यात एवढंच करा: घरी किंवा शेजारी ट्रॅक्टर असेल तर खटका धुऊन दात बघा, दोन्ही पेडलांचा रिकामा प्रवास मोजा आणि खडूची परीक्षा घ्या. घरात वडील किंवा काका ट्रॅक्टर चालवत असतील तर हा भाग त्यांना पाठवू नका, ते ऐकणार नाहीत. त्यांच्या शेजारी बसून ऐकवा. आणि ट्रॉलीची पिन घालायला कुणी वाकलं, की आधी खटक्याकडे बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून!